बापू आणि सहा फुटी डिश

लोकांच्या गच्चीवर चढणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. वर आपण पाना फिरवत असतो, खाली अख्खं घर एकसुरात ओरडत असतं, "आलं, आलं... गेलं!" आणि काम संपवून उतरेपर्यंत एखादा किस्सा आपोआप गाठीला लागलेला असतो.

नव्वदच्या दशकात मी आणि बापू सातारा-सांगलीकडं डिश बसवायचो. माझं साताऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान. बापू कोरेगावकडचा, सैन्यात सिग्नलला नोकरी करून रिटायर झालेला. केबलवाल्याची डिश बारा फुटी, आमची सहा. पण केबल पोचत नव्हती त्या वाड्यावस्त्यांवर आम्हीच राजे! एकदा डिश बसली की आकाशातून पडेल ते सगळं फुकट.

बापू सॅटेलाइट शोधायचा ते घड्याळ आणि सावली बघून. मी एकदा होकायंत्र काढलं, तर म्हणाला, "ठेव खिशात. हरवलास तर घरी जायला उपयोगी पडंल!"

*

एका घरी डिश बसवून झाली. चित्र आरशासारखं. तेवढ्यात घरातल्या म्हाताऱ्या आजी बाहेर आल्या.

"हिचं तोंड कुटं केलंय?"

"दक्षिणेला, आजी."

"फिरवा! दक्षिन यमाची दिशा. माज्या घरावर नको."

सॅटेलाइट काय आजींच्या सोयीनं उत्तरेला जाणार? मुलगा हात जोडतोय. मी हत्यारं गोळा करायला लागलो. बापू मात्र शांतपणे म्हणाला, "आवं आजी, तुमच्या वेशीतल्या मारुतीचं तोंड कुटं हाय?"

आजी थांबल्या. मारुती दक्षिणमुखी!

दुसऱ्या दिवशी गेलो तर डिशला शेंदराचं बोट लागलेलं.

*

तासगावला एक बेदाण्याचे व्यापारी होते, हौशी माणूस. त्यांना पत्र्याची डिश बसवून दिली. दसऱ्याच्या आधी त्यांनी घराला रंग दिला, आणि उरलेला चंदेरी ऑइलपेंट डिशला फासला. दोन-चार दिवसांत दुकानावर फोन.

"लवकर या. टीव्ही मेला!"

जाऊन बघतो तर डिशच्या पुढं मधोमध बसवलेल्या, सिग्नल पकडायच्या डबीचं प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलेलं. त्या दिवसांत दुपारी सूर्य नेमका सॅटेलाइटच्या मागं येतो, आणि ह्यांनी डिशचा आरसा करून ठेवलेला, सगळं ऊन थेट डबीवर.

"म्हंजे सिग्नल कमी पडला का?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"न्हाई मालक," बापू म्हणाला, "लय मिळाला. तुमी डायरेक्ट सूर्य लावलाय!"

*

फुकटच्या चॅनेलांत निम्मी परदेशी. रशियन, चिनी, अरबी, काय वाट्टेल ते. कोरेगावच्या एका मास्तरांच्या आई रोज दुपारी एक रशियन मालिका बघायच्या. शेजारच्या बायका जमायच्या आणि आजी त्यांना सगळी गोष्ट समजावून सांगायच्या.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? ती उंच बाई सासू हाय. बोलती ग्वाड, पन बघती कशी बघ!"

*

आता हा शेवटचा.

कोरेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वस्ती. तिथल्या तात्या-काकूंचा मुलगा सैन्यात. त्याचं पत्र आलं, 'सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी आमच्या रेजिमेंटच्या तुकडीत माझी निवड झालीय, तिसऱ्या रांगेत.' त्या डोंगरात साधं दूरदर्शनही दिसायचं नाही. तात्यांनी डिश घेतली. आदल्या दिवशी आम्ही बसवली.

सकाळी निरोप आला, वाऱ्यानं स्टँड मोडला! पोचलो तेव्हा अंगणात सगळी वस्ती टीव्हीसमोर बसलेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. वेल्डिंग करायला खाली गावात जावं लागणार. वेळ कुठला?

बापू छपरावर चढला आणि डिश दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मी खालून ओरडतोय, "जरा डावीकडं... बास!"

चित्र आलं. बापू तासाभराच्या वर तसाच उभा. त्याला काहीच दिसत नव्हतं. मुलाची तुकडी आली तशी तात्या म्हणाले, "तिसरी रांग!" काकू उठल्या आणि पडद्यावरच्या एका जवानाच्या तोंडावरनं हात फिरवला.

आठवड्यानं आम्ही पक्का स्टँड घेऊन गेलो. तात्यांनी नुकतंच आलेलं पत्र बापूच्या हातात दिलं. "वाच मोठ्यानं. चष्मा फुटलाय माजा."

बापू वाचत गेला आणि मध्येच अडखळला.

"थांबलास का रं?" काकू म्हणाल्या. "वाच की."

बापूनं वाचलं. सरावात पाय मुरगळला होता. दोन दिवस आधी त्याला परेडमधून काढलं होतं.

तात्यांनी मान खाली घातली. काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी हात फिरवला ते प्वार कुनाचं असंल? बापू, त्याच्या आईच्या घरी डिश हाय का रं?"

बापूनं पत्र घडी घालून तात्यांच्या हातात दिलं, पाना उचलला आणि छपरावर चढला.