जामीनदाराचा फोटो

जानूदादा गेल्याचा फोन त्याच्या मुलाने, सुनीलने केला, तेव्हा मी आसनगावच्या माझ्या फोटो स्टुडिओत होतो. "काका, बाबा गेले सकाळी. कावीळ झालेली. आमाला वाटलं झाडपाल्यानं उतरंल..." मग जरा थांबून तो म्हणाला, "काका, दहाव्याला ठेवायला बाबांचा एक पन फोटो नाय घरात. तुमच्याकडं आसंलच ना?" "बघतो," म्हणून मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी मुरबाड-शहापूरच्या गावागावांत लग्नं शूट केली. नवरदेवापासून पंगतीत वाढणाऱ्यांपर्यंत हजारो चेहरे माझ्याकडे आहेत. जानूदादाचा चेहरा मी फक्त एकदाच टिपला होता. तो कशासाठी, हे सुनीलला सांगायची हिंमत झाली नाही.

जानूदादा आमच्याच गावचा, मुरबाड तालुक्यातला, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. शहापूरकडच्या एका आश्रमशाळेत तो स्वयंपाकी होता. आमच्या आळीत महिन्याच्या महिन्याला पगार येणारा तो एकटाच. शनिवारी घरी यायचा तेव्हा अंगाला फोडणीचा वास असायचा आणि दहा घरं ऐकतील असं हसू. मी तेव्हा पंचविशीत होतो. बारावीनंतर कुठे चिकटलो नव्हतो, आणि लग्नात व्हिडिओ काढणाऱ्यांचा मान मला दिसत होता. एक जुना व्हिडिओ कॅमेरा विकाऊ आहे असं कळलं. मुरबाडच्या एका पतपेढीत कर्ज मिळत होतं, फक्त पगारदार जामीनदार हवा होता. दोन नातेवाइकांनी मला चहा पाजून परत पाठवलं. जानूदादाने अर्ज वाचलासुद्धा नाही. "कुठं सही करू ते दाव," म्हणाला. "नीट विचार कर, दादा," असं मी म्हटलं तर माझ्यावरच हसला. "दोनशे पोरांना दोन टाइम जेवाय घालतो मी. तुझ्या हप्त्याला घाबरू व्हय रे?"

अर्जाला त्याचा फोटो लागत होता. माझ्याकडे तेव्हा एक साधा रोलचा कॅमेरा होता. ओटीवर आईची निळी चादर बांधली आणि त्याला स्टुलावर बसवलं. त्याचा शर्ट हळदीच्या डागांनी भरलेला, म्हणून माझा रेघांचा शर्ट दिला. तो त्याला इतका घट्ट झाला की गळ्याचं बटण लागेना. त्यावरच त्याला हसू फुटलं. "ह्यो फोटो पोलीस ठान्यात लावनार हायस काय रे?" मला घाई होती, मुरबाडला रोल धुऊन घेऊन दुपारी पतपेढी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. मी जरा रागावूनच म्हणालो, "हसू नको, दादा. पतपेढीचा फोटो हाय. हसलास तर मॅनेजर बोलंल, ह्या मानसाचा काय भरवसा!" त्याने लगेच ओठ मिटले. मी बटण दाबलं.

पहिली लग्नसराई बरी गेली, हप्ते वेळेवर भरले. आषाढ लागला आणि काम थांबलं. आमच्या धंद्यात चार महिने कमवायचं आणि आठ महिने त्यावर काढायचे, हे मला ठाऊक होतं, पण हातात आलेला पैसा मी पगार आल्यासारखा खर्च केला. त्यात लग्नघरचे लोक "भात निघाला की देतो" म्हणत, आणि मला मागायची लाज वाटे. पुढच्या वर्षी तालुक्यात नवे कॅमेरे आले, माझी गिऱ्हाइकं तिकडे गेली. हप्ता चुकला, मग आणखी एक चुकला. पतपेढीची पत्रं येऊ लागली. ती मी न फोडता निगेटिव्हच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेलो. पत्र फोडलं नाही की त्यातलं खरं होत नाही, असं काहीतरी मनाशी धरून बसलो होतो. एके दिवशी पत्रं यायची थांबली. का थांबली, हे मी कुणाला विचारलं नाही. न विचारता मला कळलं होतं... हप्ता आता जानूदादाच्या पगारातून कापला जात होता.

त्या पौषात आमच्या तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत तो मला दिसला. मी एका दुकानदाराच्या कामासाठी तिथे शूटिंग करत होतो, खिशात आगाऊ घेतलेले पैसे होते. तो घोंगड्यांच्या दुकानापुढे उकिडवा बसला होता. एक घोंगडी त्याने उलगडली, लोकर बोटांनी चाचपली, किंमत विचारली आणि परत नीट घडी घालून ठेवली. मग उठून त्याने माझ्या दिशेने मान वळवली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंड झाकलं. पुन्हा पाहिलं तेव्हा तो गेला होता. खिशातले पैसे खिशातच राहिले.

त्यानंतर पाच वर्षांनी आसनगावला टाकलेला स्टुडिओ चालू लागला. कॉलेजच्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो, रोजचं थोडं पण पक्कं काम. त्याचे कापले गेलेले पैसे साठवले आणि पाकिटात घालून त्याच्या घरी गेलो. वहिनी दारातच म्हणाली, "आलात भावजी? रस्ता सापडला म्हनायचा." जानूदादाने पाकीट न उघडता देवळीत ठेवलं आणि मला जेवायला बसवलं. भात वाढता वाढता म्हणाला, "म्हशाला दिसला व्हतास तू. कामात व्हतास, म्हनून हाक नाय मारली." निघताना मी म्हणालो, पुढच्या वेळी कॅमेरा आणतो, सगळ्या घराचा फोटो काढू. तो म्हणाला, "आन. पन आता हसू दे."

पुढची वेळ आली नाही. पैसे फेडले आणि मी सुटलो, असं मला वाटलं. देणं होतं तोवर त्याची रोज आठवण यायची, भीतीने का होईना. फिटल्यावर तीही येईना. सहा वर्षं गेली. आसनगावहून आमचं गाव काही लांब नाही.

फोन आला त्या दिवशी मी तो पत्र्याचा डबा काढला. न फोडलेल्या पत्रांच्या खाली निगेटिव्ह सापडली. कल्याणच्या लॅबमध्ये मोठी करायला दिली. कॉम्प्युटरवर ती पाहून लॅबवाला म्हणाला, "फार गंभीर दिसतायत. ओठ जरा वर करून देऊ का? कळणार पण नाही." मी क्षणभर हो म्हणणार होतो. मग नको म्हणालो.

दहाव्याला फोटो पाटावर ठेवला, वहिनीने हार घातला. ती बराच वेळ बघत राहिली. "हे आसं गप कदी बसायचे नाय," ती म्हणाली. "कुठला वो फोटो ह्यो, भावजी?" जुना आहे, एवढंच मी बोललो. आता तो त्यांच्या घरी ओटीच्या भिंतीवर टांगला आहे. गळ्याचं बटण उघडं, अंगात माझा शर्ट, आणि ओठ मिटलेले, मी सांगितलं होतं तसे.