हाताला येणारा वास

काल सुक्या बोंबलांचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी काशीदजवळच्या आमच्या शाळेत, सातवीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. तास मूल्यशिक्षणाचा. हाताला बोंबलांचा वास येत होता, म्हणून दोन्ही हात पाठीमागे लपवलेले. घाटावरून नव्याच आलेल्या बाईंनी कारण विचारलं.

"आभाल आला व्हता. शेजारची काकी बाजारात गेलेली. तिचे बोंबील वालत व्हते, ते काढले."

वर्ग हसला, बहुतेक माझ्या बोलण्याला. फळ्यावर 'परोपकार' लिहिलं होतं, त्याखाली पुस्तकातला अर्थ. तो मला पाठ नव्हता.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाय म्हनत, बाई. आभाल आला का काढायचे. कुनाचे पन."

बाईंनी पुस्तकातला अर्थ पुसला आणि तिथे माझं वाक्य लिहिलं, माझ्याच बोलीत, जसंच्या तसं. या वेळी कुणी हसलं नाही.

शिक्षा टळली म्हणून हायसं वाटलं, असंच मी कितीतरी वर्षं समजत होते. पण जागेवर बसल्यावर मी दोन्ही हात बाकावर ठेवले होते, सगळ्यांसमोर.