सलमाचं घरातलं अरबी

फोन आला तेव्हा मी क्युपर्टिनोच्या घरी मुलीचा शाळेचा डबा भरत होते. जर्सी सिटीचा नंबर बघून सलमाच असणार असं धरलं आणि नेहमीसारखं "बोल गं" म्हटलं. पलीकडे तिचा भाऊ करीम होता. सलमा आदल्या दिवशी गेली होती. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती. ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर आली, नर्सशी थोडं बोलली, आणि मग सगळं संपलं... ऑपरेशन आहे हे तिने मला कळवलंच नव्हतं. "बरी झाल्यावर सांगणार होती," करीम म्हणाला. याला आता दीड महिना होत आला, तरी त्या नंबरावरून तिचा फोन येणार नाही हे मनाला पटत नाही.

२००३ साली नवऱ्याच्या, मंदारच्या नोकरीमुळे आम्ही जर्सी सिटीत राहायला आलो. नागपुरात मी सॉफ्टवेअरमध्ये होते, पण इथे माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. मंदार सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला गेला की दिवस माझ्या अंगावर यायचा. बिल्डिंगच्या लाँड्रीत एकदा एक मुलगी फोनवर अरबीत बोलत होती. मला पाहताच तिने एकदम इंग्रजी सुरू केलं. विमानांच्या त्या हल्ल्यानंतर तिला तशी सवयच लागली होती. गंमत म्हणजे पलीकडे तिची जॉर्डनमधल्या अम्मानची मावशी होती आणि मावशीला इंग्रजीचा गंध नव्हता. मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही, तू तुझ्या भाषेत बोल. ती खूप हसली. कपडे वाळेपर्यंत आमची मैत्री झाली होती.

दिवसा ती एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसायची. पण तिचा जीव होता तो तिच्या इंटरनेटवरच्या रेडिओ कार्यक्रमात. अम्मान, दमास्कस, कैरो इथली कॉलेजची मुलं आपला आवाज रेकॉर्ड करून तिला ईमेलने पाठवायची आणि ती ते गुंफून दर आठवड्याला ऐकवायची. कुणाला फोटोग्राफी शिकायची होती, कुणाला नोकरीसाठी वशिला नव्हता, कुणाला वडिलांशी बोलायचं कसं हेच समजत नव्हतं. मी तिला विचारलं, हे एवढं कशासाठी करतेस? तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडची मुलं टीव्हीवर दोनच वेळा दिसतात, गाताना आणि दगड मारताना. मधल्या वेळात ती काय करतात ते कुणीच विचारत नाही." तिने रेकॉर्डिंग करायचं आणि मी कॉम्प्युटरवर ते कापून, साफ करून चढवायचं, असं ठरून गेलं. कोट टांगलेल्या कपाटात शिरून ती बोलायची, म्हणजे रस्त्याचा आवाज यायचा नाही. मी बाहेर हेडफोन लावून बसायचे. कुठे कापायचं हे कळण्यासाठी तिचा एकेक शब्द शिकावा लागायचा...

या कार्यक्रमामुळेच तिचे वडील तिच्याशी बोलायचे थांबले होते. ते सरकारी रेडिओवर आयुष्यभर बातम्या वाचून निवृत्त झालेले. त्यांचं अरबी म्हणजे पुस्तकातलं, शुद्ध, एकही उच्चार सैल नाही. आणि मुलगी जगाला ऐकू जाईल अशी बोलत होती ती घरातली, गल्लीतली भाषा. "स्वयंपाकघर माइकवर नेलंस," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी तिला आमच्या मंडळाच्या गणपतीतली गोष्ट सांगितली. स्टेजवरून मी "मुलं तयार होऊन राहिली आहेत" म्हटलं आणि पुण्या-मुंबईची मंडळी खो खो हसली. त्यानंतर माइक हातात आला की मी जपून बोलायला लागले. सलमा मात्र हसली नाही. "मग त्या दिवसापासून तू तिथे खरं काही बोलली नाहीस," ती म्हणाली.

मग रीमचं प्रकरण झालं. अम्मानजवळच्या गावातली ही मुलगी कार्यक्रमात बोलली की घरच्यांनी ठरवलेलं लग्न मला नको, कॉलेज पुरं करायचंय. नाव कुठेच नव्हतं, पण आवाज एका चुलतभावाने ओळखला. काकांनी तिचं कॉलेज बंद केलं. हे कळलं त्या दिवशी सलमाने कार्यक्रम थांबवला. डेंटिस्टकडून घरी यायची आणि दिवा न लावता बसून राहायची. मी वरण-भात घेऊन जायचे, तो तसाच राहायचा. शेवटी तिने धीर करून वडिलांना फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी फक्त गावाचं नाव विचारून घेतलं.

पुढचं आम्हाला नंतर रीमकडूनच कळलं. सलमाचे वडील एकटेच टॅक्सी करून त्या गावी गेले. दारातून त्यांचा आवाज ऐकताच रीमचे काका उठून उभे राहिले, इतकी वर्षं तो आवाज त्या घरात रेडिओवर रोज ऐकला होता. कॉफी आली. त्यांनी कपाला हात लावला नाही. पाहुण्याने कॉफी घेतली नाही की त्याचं मागणं काय ते यजमानाने विचारायचं, असा तिकडचा रिवाज. काकांनी विचारलं. ते म्हणाले, "चूक माझ्या घरातून झाली आहे. शिक्षा तुमच्या घरात नको." मग काका म्हणाले, कॉफी घ्या.

सलमाला त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती ऐकत गेली आणि रडत गेली. ते म्हणाले होते, "मुलगी कॉलेजला जातेय. इथून पुढे आवाज बदलून लावत जा." आणि हे ते बातम्यांच्या अरबीत बोलले नव्हते...

कार्यक्रम परत सुरू झाला, मुलांचे आवाज बदलायचं काम माझ्याकडे आलं. बापलेक आता दर शुक्रवारी बोलत. पण भेट काही झाली नाही. तिच्या ग्रीन कार्डचे कागद अडकले होते. देशाबाहेर गेलीस तर परत येता येईलच असं नाही, असं वकील सांगायचा. वडिलांना इकडचा व्हिसा मिळेना. पुढच्या उन्हाळ्यात जाईन, असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. अम्मानच्या घराच्या गच्चीवर बसून त्यांच्याबरोबर कलिंगड खायचं, एवढीच तिची इच्छा होती. आम्ही २००७ मध्ये कॅलिफोर्नियाला आलो, तेव्हा तिने मला एअरपोर्टला सोडलं आणि म्हणाली, तिकिटं काढू या, तूही चल.

करीम तिला दफनासाठी अम्मानला घेऊन गेला. त्यानंतरच्या एका शुक्रवारी मला तिकडून फोन आला. तिचे वडील होते. त्यांना इंग्रजी थोडं येतं, जुन्या पुस्तकी वळणाचं. आभार मानून झाल्यावर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मी आयुष्यात कधी अरबी शिकलेले नाही, सलमाचं ऐकून जे कानात राहिलं तेवढंच. ते न ठरवता तोंडून आलं, "शू अखबारक, अम्मो?" काय खबरबात, काका?

मला वाटलं, माझं काही चुकलं. ते म्हणाले, "पुन्हा म्हण." मी म्हटलं. तिच्यासारखाच शेवटचा शब्द ओढून म्हटला, कारण मला तो तसाच येतो.

आता ते दर शुक्रवारी फोन करतात. माझं अरबी तुटकं आहे, चुका होतात. बातम्या वाचणारा तो माणूस त्यातली एकही चूक सुधारत नाही.