सोलापुरात ठेवलेलं समुद्राचं पीस

रत्नागिरीहून मी सोलापूरला निघाले ती एका काचपट्टीसाठी.

समुद्रात खडकांवर, शिंपल्यांवर हायड्रॉइड नावाचे प्राणी वाढतात. बोटभर उंचीचं, फिकट पिवळं पीस पाण्यात उभं असावं असं त्यांचं रूप. त्या पिसाच्या प्रत्येक फांदीवर डोळ्यांना न दिसणारे पेले असतात आणि एकेका पेल्यात एकेक जीव राहतो. मला आमच्या गावच्या खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात) असं एक पीस मिळालं होतं. त्याच्या पेल्यांच्या काठाला बारीक दात होते. त्याच्या सगळ्यात जवळची प्रजाती फार वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका प्राध्यापकांनी आमच्याच किनाऱ्यावरून नोंदवली होती, पण त्यांच्या वर्णनात पेल्याचा काठ साधा, बिनदाती. त्यानंतर ती कुणालाच सापडली नव्हती. काठ खरोखर साधा असेल तर माझी प्रजाती नवीन ठरणार, तिला नाव मी देणार. माझ्या प्रबंधाचं अर्धं वजन त्या एका काठावर होतं.

“मूळ नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही,” माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या. प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्यावरून ठरतं, त्याच्यावर तिचा सगळा भार असतो. तो नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची एक काचपट्टी, होता सोलापुरात, समुद्रापासून दिवसभराच्या अंतरावर, एका कॉलेजच्या संग्रहालयात.

आंबा घाट चढून एसटी देशावर आली आणि झाडं हळूहळू मागे राहिली. मिरजेनंतर मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी होती. जानेवारीचं ऊन, काळी जमीन, आणि वाऱ्यानं एकाच दिशेला कलणारी हजारो कणसं. ओहोटीच्या वेळी पाण्याखालचं शेवाळ असंच एका बाजूला झुकतं. क्षणभर मला कळेना मी कुठे आहे.

सांगोल्याला शेजारी एक पटकेवाले आजोबा बसले. थोड्या वेळानं ते नाक वर करून माझ्या पिशवीकडे बघायला लागले.

“ताई, राग मानू नगा. पर पिशवीत दारू हाय का?”

तुलनेसाठी आणलेल्या माझ्या पिसाच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं आणि स्पिरिट झिरपत होतं. पुढच्या बाकावरच्या दोघीही वळून बघत होत्या. मी बाटली काढून बूच आवळलं आणि आतला प्राणी त्यांना दाखवला.

“ह्यो प्रानी?” आजोबांनी बाटली उजेडात धरली. “ह्यो तर ज्वारीचा तुरा दिसतुया. ह्याला डोळं हायत का?”

“नाहीत.”

“मग खातंय कसं?”

“पाणी जे आणून देईल ते खातो.”

“बरं हाय की,” असं म्हणून त्यांनी बाटली दोन्ही हातांनी जपून परत दिली. मंगळवेढ्याला उतरताना पिशवीतला हुरडा (ज्वारीचे भाजलेले कोवळे दाणे) त्यांनी माझ्या ओंजळीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेले. संग्रहालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि कपाटांतल्या बरण्या मधासारख्या उजळल्या होत्या. तारामासे, समुद्रघोडे, शंख. बाहेर रिक्षांचे आवाज होते. आत कुणीतरी समुद्र थांबवून ठेवला होता.

तिथल्या प्रयोगशाळा सहायक लक्ष्मीताई. चाळिशीच्या, हसतमुख. वर्षातून दोनदा प्रत्येक बरणीत स्पिरिट भरायचं काम त्यांचं. “आमच्या आधीच्या मामांनी शिकवलं,” त्या म्हणाल्या. “बरणी सुकली की जनावर गेलं, मॅडम. सुट्टीतबी येऊन बघते मी.” त्यांनी एका लाकडी पेटीतून काचपट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. राळेत बसवलेला त्या पिसाचा शेंडा पापणीच्या केसाहून थोडासा मोठा. लेबलवरची शाई तपकिरी झाली होती. अक्षर सुबक होतं: प्रजातीचं नाव ‘सुमने’, त्याखाली आमच्या तालुक्याचं नाव.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला पेला दिसला. काठ साधा. दुसरा, तिसरा, साधे. मी हलकी झाले. माझी प्रजाती नवीन होती. मनातल्या मनात मी तिला नावसुद्धा देऊन टाकलं.

दुपारी लक्ष्मीताईंनी डबा उघडला. कडक भाकरी (वाळवून पापडासारखी कुरकुरीत केलेली), शेंगांची चटणी आणि दही. खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “मी बघू का एकदा? इतकी वर्षं सांभाळते, आत काय हाय ते कुणी दाखवलंच नाही.”

मी बाजूला झाले. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

“मॅडम, ह्या काठाच्या आत अजून एक काठ आहे की.”

“कुठे?”

“दोन काठ हायत. एक झिजलेला आणि त्याच्या आतनं परत विणलेला. आमचे नायना (वडील) चादरी विणायचे. किनार उसवली की अशी आतनं धरून परत विणायचे. ती किनार साधी निघायची, पहिल्यासारखी नक्षी येत नव्हती.”

मी परत डोळा लावला. त्यांचं बरोबर होतं. हायड्रॉइड आपला तुटलेला पेला दुरुस्त करतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण मला हवं तेच मी सकाळपासून बघत होते. मी उजेड कमी केला आणि पट्टी सरकवत पिसाच्या अगदी टोकाशी गेले. तिथले पेले कोवळे, न झिजलेले. राळेत जवळजवळ विरघळल्यासारखे दात तिथे दिसले. मोजले. सहा. माझ्या बाटलीतल्या पिसाला होते तितकेच.

“वाईट झालं का काही?” लक्ष्मीताईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले, आणि दात पुन्हा मोजले. सहाच. माझी प्रजाती नवीन नव्हती.

पट्टी पेटीत ठेवत त्या म्हणाल्या, “ही पट्टी बनवणारे सर आहेत की अजून. सात रस्ता चौकाजवळ राहतात. सांगायला पाहिजे त्यांना.”

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. सर व्हरांड्यात बसले होते. खूप म्हातारे, डोळ्यांत पांढुरकी साय आलेली. मी ओळख करून दिली आणि धीर करून सांगितलं, “सर, तुम्ही पेल्याचा काठ साधा लिहिलाय. तो साधा नाही.”

ते माझ्या आवाजाच्या दिशेला वळले. मग म्हणाले, “किती दात?”

“सहा.”

“खालच्या फांदीवरून चित्र काढलं मी. टोक बघायला पाहिजे होतं.” त्यांनी मान हलवली. “तुम्हाला कुठनं कळलं?”

“माझ्याकडे तीच प्रजाती आहे, सर. गेल्या दिवाळीनंतर मिळाली. आमच्या गावच्या खडपात.”

“जिवंत?”

“हो.”

त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला. “म्हणजे ती अजून आहे.”

मग त्यांनी सांगितलं. सुमन त्यांची पत्नी; ‘सुमने’ हे नाव तिच्यावरूनच ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र बघायला दोघं गेले तेव्हा ती साडी खोचून पाण्यात उतरली आणि ते पीस तिलाच आधी दिसलं. पुढे त्यांनी कितीतरी विद्यार्थी पाठवले, कुणालाच मिळालं नाही. लोक म्हणाले, लेबलांची अदलाबदल झाली असेल. “शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं,” ते म्हणाले. “ती जाईपर्यंत म्हणत होती, मी बघितलंय की.”

त्यांच्या नमुन्याला बीजकुप्या, म्हणजे पिल्लं तयार होतात त्या पिशव्या, नव्हत्या. माझ्या पिसाला होत्या. सरांना बारीक दिसत नव्हतं म्हणून लक्ष्मीताईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पसरलं आणि मी त्यावर जाड पेनानं हातभर मोठी बीजकुपी काढली. सर पानावर वाकले. रेषेवरून बोट फिरवत गेले, वळणावर थांबले, पुन्हा मागे आले.

“अशी असते होय,” ते म्हणाले. लक्ष्मीताई चहाचे कप उचलून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. नवीन नाव द्यायला गेले होते आणि एक जुनं नाव जिवंत असल्याचं सांगून परत चालले होते. मन खट्टू नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मंगळवेढ्यापर्यंत होतं. मग ज्वारीचं रान डोळ्यांसमोर हलत राहिलं आणि केव्हातरी मला वाटलं, नवीन प्रजाती पुन्हा कधी मिळेलही. पण कुणाला तरी त्याची हरवलेली गोष्ट जागेवर आहे असं सांगायची वेळ माणसावर कितीदा येते?

आठवड्यानं मोठी ओहोटी होती. मी खडपात उतरले, पिसं होती तिथेच होती. तिथूनच सरांना फोन लावला.

“आहेत?” त्यांनी विचारलं.

“आहेत, सर. तीन झुबके.”

मग ते म्हणाले, “पाणी कुठवर आलंय?”

मी खाली बघितलं. “गुडघ्यापर्यंत.”

“तिलाही तेवढंच होतं,” सर म्हणाले. “उभ्या राहा थोडा वेळ.”

मी उभी राहिले.