रामनगरला न पोचणारी नाव

तुम्हा दोघांच्या जन्माआधीची गोष्ट. तुमची आई तेव्हा इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या माडीवर तिनं एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि लहान मुलांसाठी प्रोग्राम लिहायला घेतला. पडद्यावर गंगा. अलीकडे मुन्शी घाट, पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, रामनगर. नाव रामनगरला न्यायची. तिचं तोंड कुठे ठेवायचं आणि वल्ही किती जोरानं मारायची, ते मुलानं ठरवायचं. बस्स.

मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलेलं. म्हटलं, "आधी नियम दे, मग सोडवलेलं उदाहरण, मग सराव. मी लिहून देते."

"नको आई. यात काही सांगायचंच नाही."

"आणि चुकलं तर?"

"नाव वाहून जाईल. दिसेल की मुलांना."

"निदान बरोबर आल्यावर शाबास तरी म्हण!"

"रामनगरला पोचली ना नाव? मग शाबास कशाला?"

मला काही उमगेना. दुपारी ती कॉलेजात गेली की मी स्वतः बसून पाही. प्रवाहाचा नियम मला पाठ होता, तरी माझी नाव दरवेळी वाहत जाऊन राजघाटच्या पुलाखाली सापडे. मग हे नक्की कोण कोणाला शिकवत होतं?

जवळच्या एका शाळेचे हेडमास्तर रविवारी प्रोग्राम बघायला येणार होते. त्यांनी शाळेतली एक खोली आणि आठवड्याला एक तास दिला, तर प्रोग्राम मुलांपर्यंत जाणार होता. नाहीतर तुमच्या आईची वर्षभराची मेहनत माडीवरच पडून राहणार होती. त्या रविवारी गल्लीतली मुलं सकाळपासून येऊन बसली. एकाची नाव वाहिली की बाकीची ओरडत, "ले बेटा, फिर बह गइल!"

हेडमास्तर जिना चढून आले आणि नेमकी लाइट गेली. मुलं धडाधडा खाली चौकात पळाली. आम्ही खाली जाऊन बघतो तर माझी पितळी परात एका बाजूनं विटेवर टेकवलेली, वरून तांब्यानं पाणी ओतणं चाललेलं आणि त्यात कागदाच्या होड्या. सगळा चौक ओला.

"ये तो खेल रहे हैं," हेडमास्तर म्हणाले. मलाही तेच दिसत होतं.

लाइट आल्यावर सगळे वर गेलो. ओल्या फ्रॉकची एक मुलगी खुर्चीवर बसली. तिनं नावेचं तोंड रामनगरच्याही बरंच वर, तिरपं धरलं. नाव सरकत सरकत रामनगरला लागली.

"किसने सिखाया?" हेडमास्तरांनी विचारलं.

"किसी ने नहीं."

"तो नाव टेढ़ी क्यों रखी?"

तिनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "नहीं तो बह जाएगी न!"

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "माताजी, आप तो पुरानी टीचर हैं. आप ही बताइए, इसको पढ़ाई कहें?"

तुमची आई खिडकीबाहेर बघत होती. एका शब्दावर तिचं वर्ष अडकलं होतं आणि तो शब्द माझ्याकडे मागितला जात होता. ती मुलगी शिकली होती का? परातीत शिकली की पडद्यावर? उद्या पेपरात विचारलं तर लिहील का?

"एक घंटा दे दीजिए," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. म्हणाले, पुढल्या सोमवारपासून.

ते गेल्यावर तुमची आई परात पुसता पुसता म्हणाली, "आई, खरंच पटलं तुला?"

"छे गं. मला अजून काही कळलेलं नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"माझी नाव अजून पोचायची आहे," मी म्हणाले. "त्याआधीच तू सगळं गुंडाळून ठेवलंस तर?"