सुनेचं गाव

माझ्या सुनेची भाषा शिकायची असं मी ठरवलं तेव्हा माझ्या मुलाला हसू आवरेना. आयुष्यभर गोव्यात पेडण्याच्या शाळेत मराठीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेली बाई आता स्वाहिली शिकणार! तो म्हणाला, तिला इंग्रजी येतं, तुलाही थोडंफार येतं, भागेल की. मला ते भागवणंच नको होतं. भागवाभागवीवर सासू-सुनेचं किती दिवस चालतं ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मुलगा डिचोलीत खाणीवर यंत्रं दुरुस्त करायचा. खाणी बंद पडल्या तसा तो टांझानियात सोन्याच्या खाणीवर गेला आणि काही वर्षांत तिथलीच मुलगी करून मोकळा झाला. लग्न मी फोनवर पाहिलं. रडले नाही, पण दोन दिवस कुणाशी धड बोललेही नाही. मग फोनवर बोलता बोलता मुलगी आवडली. यंदा गणपतीच्या चवथीला तो तिला पहिल्यांदा इब्रामपूरला, आमच्या मूळ घरी आणणार होता. येण्याआधी तिनं त्याला विचारलं होतं, त्या घरात मी ‘म्गेनी’ असणार का? म्गेनी म्हणजे पाहुणा, आणि परकाही. त्यांच्याकडे दोघांना एकच शब्द. पाहुणी म्हणून एकदा येईन, ती म्हणाली होती, पण पाहुणी व्हायला दर वर्षी इतक्या लांब कोण येतं? मुलानं हे मला सांगितलं आणि माझी झोप उडाली.

शिकायला बसले ती धाकधुकीनं, आणि रमले मात्र शाळेतल्या मुलीसारखी. आपल्याकडे विशेषण नामाप्रमाणे बदलतं ते शेवटाला. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. आपली शेपटी हलते. त्यांचं डोकं हलतं. म्तोतो म्हणजे मूल, आणि चांगलं मूल म्हणजे म्तोतो म्झुरी. मुलं झाली वातोतो, की चांगली लगेच वाझुरी आणि दोन असतील तर वाविली. नामानं जी टोपी घातली तीच मागून येणाऱ्या सगळ्यांनी घालायची. विशेषणानं, आकड्यानं, माझं-तुझं सांगणाऱ्या शब्दानं, एवढंच काय, क्रियापदानंसुद्धा. स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नाही. माणसांचा गट वेगळा, झाडांचा वेगळा, वस्तूंचे आणखी वेगळे. ‘ते टेबल की तो टेबल’ यावरून वर्गात किती वेळ फुकट गेला ते आठवून मला त्या लोकांचा हेवा वाटला.

सगळ्यात आवडला तो किताबू. हा आपला किताबच, अरबांकडून तिकडे गेलेला. त्याच्या तोंडाशी ‘कि’ होता आणि त्यांच्या भाषेत वस्तूंचा एक गट ‘कि’नं सुरू होतो. झालं, किताबू त्या गटात जाऊन बसला. चांगलं पुस्तक किताबू किझुरी, चांगली पुस्तकं विताबू विझुरी. तू कुठला, कोणाचा, असं कुणी विचारलं नाही. बाहेरच्याला इतक्या सहज पंगतीत बसवणारी भाषा पाहून मला बरं वाटलं आणि आमच्या घराची काळजी वाटली.

कारण आमच्या घरात दादा आहेत. दादा म्हणजे माझे थोरले दीर. माझे यजमान गेल्यापासून तर घराचा शब्द त्यांचाच. माणूस वाईट नाही, पण बोलतो मोजकं, आणि चेहऱ्यावरून काही कळू देत नाही. सून आली तेव्हा त्यांनी तिच्या नमस्कारावर मान हलवली आणि माटोळीसाठी रानातली फळं आणायला निघून गेले. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी माटोळी फळांनी, पानांनी भरेपर्यंत त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. ती बिचारी कुणी ‘दादा’ म्हटलं की हसू दाबायची, कारण तिच्या भाषेत दादा म्हणजे मोठी बहीण. एरवी ती पाहुण्यासारखीच वागत होती. खुर्चीत बसलेली, विचारल्याशिवाय कशाला हात न लावणारी. माझी स्वाहिलीही ऐन वेळी दगा देत होती. कुठल्या नामाला कुठली टोपी हे मनात जुळवून मी तोंड उघडेपर्यंत चहा निवलेला असायचा.

माझं सगळं लक्ष लागलं होतं गाऱ्हाण्याकडे. चवथीच्या दिवशी आरती झाली की दादा देवापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकेकाला देवाच्या पदरात घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्या वाक्याला ‘व्हय’ मिळालं नाही ते देवापर्यंत पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यात सुनांचं नाव घेत नाहीत, माहेरच्या गावावरून सांगतात. मी या घरात आले त्या वर्षीपासून देवाला मी ‘मुळगावसून इल्ली’, मुळगावहून आलेली, म्हणून माहीत आहे. माझी थोरली जाऊ, दादांची बायको, ती ‘चोपड्यासून इल्ली’. आधल्या दिवशी मी दादांना म्हटलं, उद्या माझ्या सुनेलाही घ्या. ते नारळ सोलत होते. ‘बघूया’ म्हणाले आणि पुढचा नारळ उचलला.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. सून माझ्या शेजारी हात जोडून उभी होती, मुलगा तिच्या मागे. दादांनी सुरुवात केली. चोपड्यासून इल्ली झाली, मुळगावसून इल्ली झाली. पोटासाठी परमुलखात गेलेला धाकट्याचा झील, म्हणजे माझा मुलगा, तोही झाला. प्रत्येकाला घर दणाणून ‘व्हय म्हाराजा’. आता सुनेची पाळी. दादा क्षणभर थांबले आणि गोठ्यातल्या गुरांवर गेले.

मला इतका राग आला की काय सांगू. आमच्याकडे गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलत नाही, बायका तर नाहीतच. मी बोलले. तेही कसं, तर निबंध लिहावा तसं. म्हटलं, ‘हे देवा, आफ्रिकेतून आलेल्या या सुनेलाही तुझा आशीर्वाद लाभो.’

कुणीही ‘व्हय’ म्हटलं नाही. सगळे दादांकडे पाहू लागले. मुलानं मान खाली घातली. सुनेला शब्द कळले नसतील, पण ती शांतता तिला नक्की कळली. तिनं जोडलेले हात हळूच खाली सोडले.

‘तसां न्हय,’ दादा म्हणाले.

आता सून पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, एवढंच मनात आलं.

‘आफ्रिका म्हणजे काय गाव?’ दादा माझ्याकडे वळून म्हणाले. ‘देवाक अर्धां कशां सांगू? तिच्या मायघराचो गाव माका कोणी सांगूक ना. म्हणान थांबलंय. इचार तिका.’

मी मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्याकडे. दादांना तिचं गाव सांगायचं आम्हा दोघांना सुचलंच नव्हतं. मी स्वाहिलीतल्या टोप्या जुळवत बसले होते, त्यानं फोटो पाठवले होते, विमानाची वेळ कळवली होती, पण सून आणली म्हणजे आधी गाव सांगायचं, ही इब्रामपुरातली साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. आणि दादा विचारणार नव्हते. सुनेचं गाव विचारायचं नसतं, ते आपणहून येऊन सांगायचं असतं.

मी तिच्याकडे वळले आणि तोंडातून निघून गेलं, ‘किजीजी चाको किनाइत्वाजे?’ तुझ्या गावाचं नाव काय? गाव, तुझ्या, काय म्हणतात, सगळं एका टोपीत (‘चाको’तला ‘चा’ही ‘कि’चाच), एकदाही न अडखळता. मला ते नंतर लक्षात आलं. तेव्हा मी फक्त तिचा चेहरा बघत होते.

तिनं नाव सांगितलं. सरोवराकाठचं छोटं गाव, तिच्या आईचं घर तिथं आहे. दादांनी ते दोनदा ओठांत घोळवलं, देवाकडे तोंड केलं, हात जोडले आणि चुकीचं म्हटलं. तेव्हा ती बोलली. सगळ्या घरासमोर, देवासमोर, तिनं दादांचा उच्चार दुरुस्त केला आणि लगेच घाबरून तोंडावर हात ठेवला. दादा न रागावता पहिल्यापासून म्हणाले:

‘बा देवा म्हाराजा, धाकट्याच्या झिलाची ही बायल, इतक्या लांबसून इल्ली,’ आणि इथं गावाचं नाव, अगदी तिनं म्हटलं तसं, ‘तिका आणि तिच्या मायघराक सांभाळ म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळं घर म्हणालं.

दादा पुढचं वाक्य सुरू करणार तोच माझ्या शेजारून आणखी एक ‘व्हय म्हाराजा’ आलं, उशिरानं, एकटीचं, जरा वेगळ्या हेलात. ते पुरं होईपर्यंत दादा थांबले. मग गुरांवर गेले.