मर्ल हॉस्टेटरचा डिटेक्टर

मर्ल हॉस्टेटरला दोनच वाहनांचा नाद होता. एक आमच्या गावचा बंब आणि दुसरी त्याची लाल कॉर्व्हेट, वेगासाठीच बनवलेली स्पोर्ट्स कार. बंब तो तीसेक वर्षं चालवत होता, तोही फुकट. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्यासारख्या गावांत आग विझवायला पगारी माणसं नसतात. भोंगा वाजला की जो तो हातातलं काम टाकून फायर हॉलकडे पळतो. कॉर्व्हेट त्याने गावच्या रस्तेखात्यातून निवृत्त झाल्यावर जुनीच विकत घेतली, आणि तेव्हापासून त्याच्या लायसन्सला घरघर लागली.

बंबाच्या स्टिअरिंगमागे हा माणूस देवळात बसल्यासारखा बसायचा. लाल गाडीत बसला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचाच नाही. इतक्यांदा पकडला गेला की आता आणखी एक चलान झालं असतं तर लायसन्स गेलंच असतं. आणि लायसन्स गेलं की बंब गेला. त्या बाबतीत आमचा चीफ ग्लेन स्टॉफर सख्ख्या भावालाही सोडणारा नव्हता.

"गाडी वीक," ग्लेन म्हणाला.

"त्यापेक्षा डिटेक्टर घेतो," मर्ल म्हणाला. "पुढे कोणी पोलीस वेग मोजायचं रडार लावून बसला असेल तर आधी ओरडतो. सोपं आहे."

"त्याहून सोपं म्हणजे हळू चालव," मी म्हटलं. मी फायर हॉलच्या स्वयंपाकघरात असते. कोंबडी-मक्याचं सूप विकून आम्ही बंबाचं डिझेल भागवतो, त्यामुळे तिथे मला बोलायचा हक्क आहे, असं मी धरून चालते.

त्याचा सगळा हिवाळा त्या निवडीत गेला. लोक सून निवडताना एवढी चौकशी करत नाहीत. आधी एक स्वस्तातला मागून आणला. तो सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारांपुढून जाताना असा बोंबलायचा की मर्लने भर रस्त्यात ब्रेक मारला आणि मागच्या दूधवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

"दुकानात शिरणारी प्रत्येक म्हातारी याला पोलीस वाटते," मी म्हटलं.

"म्हणून तर परत करतोय, व्हर्ना."

दुसरा शांत होता, पण फारच शांत. तिसऱ्याची मात्र गोष्ट वेगळी. रडार पुढून येतंय की मागून, ते बाणाने दाखवायचा. खोट्या इशाऱ्याच्या जागा लक्षात ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथे गप्प बसायचा. मर्ल तो हॉलच्या टेबलावर मांडून बसला होता, तेव्हा कर्टिस बीलर आला. कर्टिस म्हणजे गावचा पोलीस. तोही आमच्या अग्निशमन दलातच आहे आणि त्या वर्षी मर्लच त्याला बंब चालवायला शिकवत होता. ग्लेनने त्याला अजून पास केलं नव्हतं.

कर्टिसने यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हाच घे. हायवेवरच्या राज्य पोलिसांना याचा फार राग येतो."

"आणि तुला?"

"मला कशाला येईल? आम्हा गावच्या पोलिसांना रडार वापरायची परवानगी आहे कुठे?"

सगळे हसले. मर्लही हसला. ही गोष्ट आमच्या राज्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गावचा पोलीस झाडाआड स्टॉपवॉच घेऊन बसतो. रस्त्यावर दोन आडव्या पांढऱ्या रेघा असतात. पहिलीवर गाडी आली की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद, आणि मग भागाकार. आमच्या हद्दीतल्या रेघा मर्लनेच नोकरीत असताना रंगवल्या होत्या.

मर्लने तोच डिटेक्टर घेतला आणि काचेवर बसवला. पहिल्याच आठवड्यात हायवेवर पुलामागे राज्य पोलिसांची गाडी लपली होती. यंत्र ओरडलं, मर्लने पाय उचलला आणि सहीसलामत पुढे गेला. स्वयंपाकघरात येऊन त्याने ते मला तीनदा सांगितलं. "आता माझं लायसन्स कोणी हलवू शकत नाही," म्हणाला. वसंतापर्यंत त्याला त्या यंत्राची अशी सवय झाली की ते गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे, असंच तो समजू लागला. रेघा तो विसरला नव्हता. त्याने बघणं सोडून ऐकणं धरलं होतं, एवढंच.

एप्रिलमध्ये गिरणीच्या रस्त्यावर कर्टिसने त्याला थांबवलं. नंतर दोघांनी मला एकेकट्याने सांगितलं, पण हकिगत एकच होती.

"मिस्टर हॉस्टेटर," कर्टिस म्हणाला. मर्लला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं.

"हा वाजला नाही," मर्ल काचेकडे बोट दाखवत म्हणाला.

"कसा वाजेल? माझ्याकडे घड्याळ आहे." कर्टिसने ते दाखवलं. "भागाकार मी दोनदा केला. चुकलं असावं असं वाटत होतं."

"लिही," मर्ल म्हणाला. "तू चलान नाही लिहिलंस तर ग्लेन तुलाही दलातून घालवेल."

लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. मर्ल हॉलवर येत राहिला. पाइप धुवायचा, गुंडाळायचा, बंब पुसायचा. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कर्टिसवर तो चिडला नाही. मीच चिडले आणि महिनाभर त्याला सूप वाढताना मक्याचे दाणे कमी घातले.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी भोंगा वाजला. झूक कुटुंबाच्या शेतावरच्या कोठारात गवत पेटलं होतं. ग्लेन गावाबाहेर होता. हॉलवर मी, कर्टिस, मर्ल आणि पाइप धरणारी दोन माणसं. शेजारच्या गावचा बंब यायला वेळ लागणार होता.

कर्टिसने किल्ली मर्लपुढे धरली. "चढ. मी आज पोलीस नाही. मी काही बघितलेलं नाही."

मर्लने किल्लीकडे बघितलं. घेईल असं मला वाटलं, आणि घ्यावी असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तिकडे गोठ्यात गाई होत्या.

"तू चालव," मर्ल म्हणाला आणि चालकाशेजारच्या जागेवर चढून बसला. "मी सांगतो तसं."

ते निघाले तेव्हा खिडकीतून त्याचा आवाज ऐकू आला. "हळू. वळणाआधी हळू. टाकीतलं पाणी हलतं." कोठार गेलं. गाई वाचल्या. परतल्यावर ग्लेनने सगळं ऐकून घेतलं, विनापरवाना बंब नेल्याबद्दल कर्टिसला शिव्या घातल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्याची परीक्षा घेऊन त्याला पास केलं.

मर्लचं लायसन्स ऑक्टोबरमध्ये परत आलं. त्याच आठवड्यात पुन्हा भोंगा वाजला, कुठेतरी घराच्या धुराड्याला आग. कर्टिस आधी पोचला होता. मर्लला येताना बघून तो चालकाच्या जागेवरून खाली उतरला आणि दार उघडं धरून उभा राहिला.

मर्ल बंबाला वळसा घालून पलीकडे गेला आणि चालकाशेजारच्या जागेवर बसला. "चल ना," म्हणाला. "उशीर होतोय."

त्या दिवशी पहिल्यांदा मर्ल मला म्हातारा वाटला.